आकडे नसलेली पट्टी

नमस्कार मंडळी. समोर शिक्षक बरेच दिसताहेत, नववी-दहावीची मुलंही आहेत, तेव्हा फळ्यावरच बोलू. ही मोठी लाकडी पट्टी बघा. तिच्या कडेवर मी कागद चिकटवलाय. आकडे नाहीत, खुणा नाहीत. तिच्याकडून काम एकच घ्यायचं: दोन बिंदू जोडायचे, आणि हवी तेवढी रेघ पुढे वाढवायची. दुसरं साधन कंपास. टोक एका बिंदूवर, खडू दुसऱ्या बिंदूवर, वर्तुळ काढा. बस्स. कोनमापक आणि गुण्या पेटीतच राहू द्या.

मुलं विचारतात, सर, आकडे असताना झाकायचे कशाला? रास्त प्रश्न आहे. पाच सेंटिमीटरचा रेषाखंड दुभागायचा तर अडीचवर खूण केली की झालं. पण ती खूण आपण नजरेनं करतो, नजर ‘जवळपास’वर समाधान मानते. आकडे झाकले की ‘जवळपास’ बाद. मग जे मिळतं ते तंतोतंत मिळतं, आणि जे मिळत नाही ते कधीच मिळणार नाही, हेही सिद्ध करता येतं. मला विचाराल तर या विषयातली खरी गंमत त्या ‘मिळणार नाही’त आहे, आणि वर्गात नेमकी तीच राहून जाते. लंबदुभाजक काढा, स्पर्शिका काढा, मार्क घ्या, पुढचं प्रकरण.

युक्लिड किती काटेकोर होता बघा. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराचा हा माणूस. त्याच्या ग्रंथातली पहिली रचना समभुज त्रिकोणाची, ती सगळ्यांना येते. दुसरी रचना वाचून मात्र माणूस चक्रावतो: ‘बक’ एवढी लांबी ‘अ’ बिंदूपासून काढून दाखवा. यात काय मोठंसं? कंपास बकवर उघडायचा, उचलायचा, अवर ठेवायचा. युक्लिडला हे चालत नाही. त्याचा कंपास कागदावरून उचलला की मिटतो! म्हणून तो अब जोडतो, त्यावर अबड हा समभुज त्रिकोण काढतो. बवर टोक ठेवून बक त्रिज्येचं वर्तुळ काढतो. डब रेघ पुढे वाढवली की ती त्याला गमध्ये छेदते. मग डवर टोक ठेवून डग त्रिज्येचं वर्तुळ, ते वाढवलेल्या डअला लमध्ये छेदतं. आता डल आणि डग सारखे, डअ आणि डब सारखे, म्हणून उरलेले अल आणि बग सारखे. आणि बग म्हणजेच बक. लांबी पोचली. एकदा एवढं सिद्ध केल्यावर आपण खुशाल कंपास उचलून न्यावा, तशी परवानगी त्यानं मिळवून ठेवलीय.

आता कोनाकडे येऊ. कोन दुभागणं सोपं. मग त्रिभागणं का नाही? ग्रीकांनाही हाच प्रश्न पडला होता. आजही दर काही वर्षांनी कुणीतरी ‘मला जमलं’ म्हणून वही घेऊन येतं. वही नीट पाहिली तर दोनच शक्यता असतात: उत्तर फार चांगलं पण ‘जवळपास’चं, नाहीतर नियम कुठेतरी गुपचूप मोडलेला.

नियम मोडण्याचा सगळ्यात देखणा नमुना आर्किमिडीजच्या नावावर आहे. पट्टीवर फक्त दोन खुणा करू द्या, एवढंच तो मागतो. हे वर्तुळ, केंद्र म. परिघावर अ आणि ब. कोन अमब त्रिभागायचाय. अम ही रेघ मच्या पलीकडे वाढवा. पट्टीवर वर्तुळाच्या त्रिज्येएवढ्या अंतरावर दोन खुणा करा. पट्टी बमधून जाऊ द्या आणि हळूहळू सरकवा, एक खूण वाढवलेल्या रेघेवर येईपर्यंत आणि दुसरी परिघावर येईपर्यंत. रेघेवरची खूण ड, परिघावरची क. डक त्रिज्येएवढा, कमही त्रिज्या. म्हणजे त्रिकोण डकम समद्विभुज; डपाशी जेवढा कोन, तेवढाच मपाशी. त्याला एक पट म्हणा. कपाशी बाह्यकोन दोन पट. त्रिकोण कमबही समद्विभुज, म्हणून बपाशीही दोन पट. आता अमब हा त्रिकोण डमबचा बाह्यकोन: डपाशी एक, बपाशी दोन, मिळून तीन पट. झाले तीन भाग! सिद्धतेत खोट काढून दाखवा, निघणार नाही. पण ती पट्टी ‘सरकवा’ म्हणालो ना, तिथे आपण खेळ बदलला.

मग कोऱ्या पट्टीनं का होत नाही? साठ अंशांचा कोन घेऊ, तो आपण एका मिनिटात काढतो. त्याचा तिसरा भाग वीस अंश. हा कोन काढता येणं म्हणजे त्याच्या कोसाइनएवढी लांबी काढता येणं. त्या कोसाइनची दुप्पट ही अशी संख्या आहे, की तिच्या घनातून तिची तिप्पट वजा केली तर १ उरतो. आता आपली साधनं काय देतात? रेघ रेघेला छेदते तेव्हा बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. वर्तुळ मध्ये आलं की वर्गमूळ. वर्गमुळाचं वर्गमूळ काढा, त्यात भर घाला, पुन्हा वर्गमूळ. पण घनमुळाकडे जाणारी वाटच नाही. आपल्या घनसमीकरणाला परिमेय, म्हणजे अपूर्णांकात मांडता येणारं, उत्तर असतं तर सुटलो असतो. असं उत्तर असलंच तर ते १ किंवा उणे १ असायला हवं. १ ठेवून पाहा, उणे २ येतात. उणे १ ठेवा, २ येतात. संपलं. परिमेय उत्तर नाही, आणि असं घनसमीकरण वर्गमुळांच्या कितीही थरांनी सुटत नाही. हा शेवटचा दुवा पक्का केला पिएर वांट्झेल या तरुण फ्रेंच गणितज्ञानं, १८३७ साली. घनाचं घनफळ दुप्पट करण्याचा प्रश्नही त्यानं त्याच लेखात निकालात काढला. इतकं मोठं काम, पण जगाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही.

त्याच्या चाळीस वर्षं आधी गाउस या जर्मन गणितज्ञानं दुसऱ्या बाजूचा, म्हणजे ‘मिळतं’चा, दरवाजा उघडला होता. युक्लिडला तीन, चार, पाच, सहा आणि पंधरा बाजूंच्या सुसम, म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या, आकृत्या येत होत्या. दोन हजार वर्षं त्यात मूळ संख्येच्या बाजूंची नवी आकृती पडली नाही. ३० मार्च १७९६ ला गाउसनं रोजनिशीत पहिली नोंद केली: सतरा बाजूंची आकृती काढता येते. वय अठरा, भाषांकडे जावं की गणिताकडे हे ठरत नव्हतं. सतरातून एक वजा केला तर सोळा, आणि सोळा म्हणजे चार दोन एकमेकांशी गुणलेले. प्रत्येक दोनाला एक वर्गमूळ पुरतं. सातातून एक गेला की सहा, त्यात तीन घुसतो आणि घोडं अडतं. म्हणून सुसम सप्तकोन नाही. नऊ बाजूंचीही नाही, कारण ती आली तर चाळीस अंश आले, आणि त्याचे निम्मे वीस.

सतराच्या याच नियमात पुढे २५७ आणि ६५,५३७ या संख्या बसतात. दुसरीवर हेर्मेस नावाच्या जर्मन माणसानं दहा वर्षं घालवली. हस्तलिखित ग्योटिंगेनला जपून ठेवलंय. वाचणारा कोण, ते विचारू नका.

आपल्याकडच्या शुल्बसूत्रांचं, म्हणजे यज्ञवेदीच्या मोजमापाच्या जुन्या ग्रंथांचं, विचारणार, ठाऊक आहे. तिथे दोरी आणि खुंट्या आहेत, आणि वेदी खरोखर बांधायची आहे. चौरसाएवढ्या क्षेत्रफळाचं वर्तुळ काढायची बौधायनाची रीत पावणेदोन टक्क्यांनी चुकते. विटा रचायला ती चालते. तिला युक्लिडच्या मापानं जोखणं मला पटत नाही, आणि ‘आमच्याकडे आधीच सुटलं होतं’ हेही नाही. वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस पट्टी-कंपासनं काटेकोरपणे होत नाही हे लिंडेमान या गणितज्ञानं १८८२ मध्ये दाखवलं. ते माहीत असूनही रामानुजननं १९१३ मध्ये एक सुंदर ‘जवळपास’ची रचना छापली: वर्तुळ एक लाख चाळीस हजार चौरस मैलांचं असलं तरी चौरसाची बाजू साधारण एका इंचानंच चुकते.

जाता जाता एक काम देतो. १७९७ मध्ये मास्केरोनी या इटालियन माणसानं दाखवलं की बिंदूच शोधायचे असतील तर पट्टीही नको, नुसता कंपास पुरतो. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी डेन्मार्कच्या मोरनं हेच छापलं होतं, ते विसरलं गेलं. तर, अ आणि बचा मध्यबिंदू नुसत्या कंपासनं काढा. बवर टोक, त्रिज्या अब, वर्तुळ काढा. अपासून तीच त्रिज्या परिघावर तीनदा टाका, समोरचा बिंदू क मिळेल. अवर टोक, त्रिज्या अब. कवर टोक, त्रिज्या कअ. ही दोन वर्तुळं प आणि फमध्ये छेदतील. प आणि फवर टोक ठेवून अमधून जाणारी वर्तुळं काढा. ती अ सोडून दुसऱ्या ज्या बिंदूत भेटतील तो मध्यबिंदू. सिद्धतेसाठी दोन समरूप समद्विभुज त्रिकोण शोधा, दोघांचा अपाशी एकच कोन आहे. दहावीच्या मुलांना जमेल. शिक्षकांनी आधी घरी करून पाहावं.