ठमीचं वजन

नमस्कार श्रोतेहो.

रत्नागिरी जिल्ह्यात गेली 26 वर्षं मी जनावरांवर उपचार करते. गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री, आणि अलीकडे पुष्कळ मांजरं. आज मी तुम्हांला माझ्या आईच्या मांजरीची गोष्ट सांगणार आहे, कारण तिचं दुखणं वर्षभर माझ्या डोळ्यांदेखत वाढत होतं आणि मला ते कळलं नाही.

ठमी तेव्हा 14 वर्षांची होती. माणसाच्या हिशेबानं साधारण 72. आधी तिचं माळ्यावर चढणं थांबलं. मग अंग चाटणं कमी झालं आणि कमरेजवळ केसांच्या जटा धरल्या. दुपारी न्हाणीत जाऊन ती बादलीत तोंड घालून बसायची. आई म्हणायची, उकडतंय म्हणून पाणी पिते. पुढे ठमी पूर्ण वाडगं संपवेनाशी झाली, तेव्हा आईनं निर्वाळा दिला, "वय झालं गो तिचं, माझ्यासारखंच." मीही मान डोलावली. दिवसभर दुसऱ्यांची जनावरं तपासून घरी आलेली मुलगी आईशी वाद घालत नाही.

मग काजूचा हंगाम आला. बी तोलायला आमच्या पडवीत इलेक्ट्रॉनिक काटा मांडलेला असतो. एका सकाळी ठमी रिकाम्या टोपलीत जाऊन बसली आणि आईनं सहज ती टोपली काट्यावर ठेवली. टोपलीचं वजन वजा जाता 3 किलो 180 ग्रॅम. मी लसीकरणाचं कार्ड शोधून काढलं. आदल्या एप्रिलमध्ये रेबीजची लस दिली तेव्हाचा आकडा होता 4 किलो 100. म्हणजे 920 ग्रॅम गेले होते. 60 किलोच्या माणसाचं 13 किलो वजन उतरलं तर घरदार त्याला घेऊन डॉक्टरकडे धावेल. ठमीचं तेवढंच गेलं आणि चार माणसांच्या घरात कुणाला दिसलं नाही.

रोज बघणाऱ्याला ते दिसत नाहीच. केस सगळं झाकतात. शिवाय मांजर दुखणं दाखवत नाही. ते स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या जनावराचं भक्ष्यही आहे, आणि अशक्त दिसणं त्याला परवडत नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. हात पाठीवरून फिरवा. मणके बोटांना टोचायला लागले असतील, मांड्या पातळ लागत असतील, तर पोट गोल दिसलं तरी फसू नका.

ठमीचं रक्त तपासलं. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.4. कागदावर सगळं मर्यादेत. पुष्कळ घरांत तपास इथेच थांबतो आणि "काहीच निघालं नाही" असं म्हणत मांजर घरी जातं. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. मांजर वाळलं, स्नायू झडले, की ते कमीच तयार होतं, आणि मूत्रपिंडं थकलेली असली तरी आकडा साळसूद दिसतो. त्यातून मूत्रपिंडांचं जवळपास तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत हा आकडा ठळकपणे चढतही नाही. एसडीएमए नावाची एक रक्तचाचणी आहे, तिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. ती जमली तर करावी. आणि लघवी तर तपासावीच. मांजराचे पूर्वज वाळवंटातली रानमांजरं, त्यामुळे थोड्या पाण्यात भागवून दाट लघवी करणं हा त्यांचा जन्मजात गुण. ठमीची लघवी पातळ पाण्यासारखी होती. बादलीत घातलेलं तोंड हे तहानेचं होतं, उन्हाळ्याचं नव्हतं.

मग मी तिचा रक्तदाब घेतला. मांजराचा रक्तदाब घेता येतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पुढच्या पायाला किंवा शेपटीच्या मुळाशी छोटा पट्टा बांधतात. 160 च्या वर सतत राहिला तर तो वाढलेला समजतात. ठमीचा 190 होता. अशा दाबानं डोळ्याचा पडदा सुटतो आणि मांजर एका रात्रीत आंधळं होतं. सकाळी भिंतीवर आपटणारं, बाहुल्या पूर्ण विस्फारलेलं मांजर घेऊन माणसं येतात तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. ठमीचे डोळे वाचले. तिला जी गोळी चालू केली ती माझ्या वडिलांच्या डब्यातही होती. पण ती किती आणि कधी द्यायची, हे तपासल्याशिवाय ठरत नाही. घरातली गोळी मोडून देऊ नका.

यावरून एक कळकळीची विनंती. मांजर मलूल दिसलं म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, पाव गोळीसुद्धा नाही. हे औषध पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. रक्त तपकिरी पडतं, हिरड्या निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. प्रेमानं दिलेल्या एका गोळीनं गेलेली मांजरं मी पाहिली आहेत.

सगळ्यांचं दुखणं मूत्रपिंडाचंच असतं असं नाही. दहा वर्षांवरचं मांजर अधाशासारखं खातं, रात्री ओरडत फिरतं, आणि तरीही वाळत जातं, तेव्हा थायरॉइड तपासावं. मांजरातला हा आजार 1979 साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी पहिल्यांदा नोंदवला. याची लोकांना उलटी भूल पडते. भूक उत्तम आहे म्हणजे तब्येत उत्तम, असं वाटतं. मधुमेहातही खाणं चालू राहून वजन घटतं. वाडग्याशी येऊन वास घेऊन परत जाणारं, मान तिरकी करून एकाच बाजूनं चावणारं मांजर बहुधा दातांनी बेजार असतं. आणि उड्या थांबल्या की सांधे तपासावेत. 2002 साली अमेरिकेत 12 वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे पाहिले, त्यांतल्या 90 जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज होती. ठमीही माळ्यावर जायची थांबली ती कंटाळून नव्हे. आता आईनं पेटी आणि स्टूल लावून तिला दोन पायऱ्या करून दिल्या आहेत.

एवढं सगळं करूनही कधी कारण हाती लागत नाही. रक्त, लघवी, सोनोग्राफी ठीक, आणि मांजर तरी खंगत जातं. अशा वेळी संशय आतड्यावर जातो. जुनी सूज आणि लिम्फोमा नावाचा हळू वाढणारा कर्करोग यांच्यातला फरक तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि 15 वर्षांच्या अशक्त जिवाला भूल द्यावी का, हा प्रश्न सोपा नाही. मी मालकांना दोन्ही बाजू सांगते. कुणी तपास करतं, कुणी मळमळ थांबवणारं, भूक वाढवणारं औषध घेऊन जातं. या दुसऱ्या वाटेनं जाणाऱ्याला कुणी दोष देऊ नये. फक्त एक धोका लक्षात ठेवा. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर तिसऱ्याची वाट पाहू नका. विशेषतः अंगानं भरलेलं मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचते आणि तेच त्याच्या जिवावर उठतं.

दवाखान्यात येताना वजनाचे आकडे घेऊन या. काटा नसेल तर वाण्याच्या दुकानात टोपलीतून नेऊन तोला, तो नाही म्हणणार नाही. महिन्यातून एकदा पुरे. किती पाणी लागतं, माती किंवा वाळू किती वेळा भिजते, कुठली उडी सोडली, हेही लिहा. माझ्यासमोरच्या टेबलावर घाबरून बसलेलं मांजर यातलं काहीच मला सांगत नाही.

आई दर सोमवारी काजूच्या जुन्या वहीत ठमीचं वजन लिहिते. एका बाजूला बियांचे भाव, दुसऱ्या बाजूला ठमी. आठवड्यातून दोनदा ती तिच्या कातडीखाली सलाइन देते. 74 वर्षांच्या बाईनं सुई धरायला शिकायला एक दुपार लागली. परवाच्या सोमवारी तिचा फोन आला. नुसता आकडा सांगितला, 3 किलो 460, आणि दूध उतू जातंय म्हणून ठेवून दिला.

नमस्कार.