अर्धी मिल, २३ वर्षं

(दृश्य : अजून उजाडलेलं नाही. शाळेची व्यायामशाळा. बास्केटबॉलच्या रेषांवर मतदानाचे कक्ष मांडलेले.)

सकाळचे साडेसहा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मतदान सुरू होण्याची ही वेळ. कितीतरी ठिकाणी मतदान केंद्र शाळेतच असतं. नोव्हेंबरच्या थंडीत लोक आत येतात आणि ज्या छपराखाली उभे आहेत, त्याच छपरावर मत देतात. हे दुरुस्त करायला मी वर्षाला थोडा जास्त कर भरू का?

आपल्याकडे घरपट्टी ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिका ठरवते. पावती घरी येते, आपण कुरकुरतो आणि भरतो. ओहायोत घराजमिनीवरच्या कराला राज्यघटनेनंच वेसण घातली आहे. १० मिलच्या पुढे जायचं, तर लोकांची परवानगी लागते. त्या १० मिलमध्ये काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), गाव, शाळा असे सगळे वाटेकरी. तेवढ्यात शाळेचं भागत नाही. मग ती वाढीव कराचा प्रस्ताव घेऊन मतदारांच्या दारात जाते. या कराला तिथं ‘लेव्ही’ म्हणतात. आपल्या जुन्या शेतकऱ्यांना लेव्ही म्हटलं की सरकारला सक्तीनं घालावं लागणारं धान्य आठवेल. ही लेव्ही मात्र लोकांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय लागत नाही.

आता ही मिल काय आहे ते बघू. मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. समजा, घराची किंमत १ लाख डॉलर आहे. करासाठी त्यातले ३५ टक्केच धरतात, म्हणजे ३५ हजार. त्यावर दर डॉलरमागे एक मिल म्हणजे वर्षाला ३५ डॉलर.

हिशेब सरळ आहे, पण गोम इथंच आहे. एखाद्या शाळेच्या हद्दीत करपात्र मालमत्ता १० कोटी डॉलरची असेल, तर एका मिलमधून १ लाख डॉलर मिळतात. पलीकडे कारखाने, मॉल, मोठे बंगले मिळून १०० कोटींची मालमत्ता असेल, तर त्याच एका मिलमधून १० लाख. दोन्हीकडच्या घरमालकांनी सारखीच झळ सोसली. पोरांच्या वाट्याला आलं ते मात्र दहापट कमी-जास्त.

त्यात १९७६ चा एक कायदा. महागाईनं घरांच्या किमती भराभर चढत होत्या, त्यांच्यामागे करही चढत होता, लोक हैराण झाले होते. म्हणून विधिमंडळानं ठरवलं, की आहे त्या घरांच्या किमती वाढल्या तरी मंजूर झालेल्या लेव्हीचं उत्पन्न त्यांच्याबरोबर वाढणार नाही. घरमालकाला दिलासा मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण डांबराचा, पाइपचा, बॉयलरचा भाव कुठं थांबतो? त्यामुळे काही वर्षं गेली की शाळा पुन्हा मतपत्रिकेवर.

पैसा आटला की पहिली कात्री दुरुस्तीला लागते. शिक्षकांचा पगार थांबवता येत नाही, मुलांची बस थांबवता येत नाही. छप्पर आणखी एक हिवाळा काढेल, असं म्हणता येतं. आणि पुढच्या हिवाळ्यातही तेच म्हणता येतं.

(दृश्य : डोंगराळ रस्ता. दक्षिण ओहायो.)

हा भाग ॲपलेशियाचा. कोळशाच्या खाणींचा, आणि खाणी बंद पडल्यावर मागे राहिलेल्या गावांचा. १९९१ मध्ये इथल्याच पेरी काउंटीतून राज्य सरकारविरुद्ध खटला उभा राहिला, ‘डीरोल्फ विरुद्ध ओहायो राज्य’. २४ मार्च १९९७ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की शाळांना पैसा पुरवण्याची ही पद्धत घटनेला धरून नाही.

त्या निकालपत्रात कायद्याच्या कलमांइतकंच इमारतींचं वर्णन आहे. राज्यातल्या शाळांच्या दुरुस्तीला आणि बांधकामाला १०.२ अब्ज डॉलर लागतील, असा १९९० च्या पाहणीचा आकडा त्यात आहे. नेल्सनव्हिल-यॉर्कची प्राथमिक शाळा टेकडीवरून महिन्याला एक इंच खाली सरकत होती, हे त्यात आहे.

आणि डियरिंगची शाळा आहे. तिथलं वाचनालय तळघरात, पूर्वीच्या अडगळीच्या खोलीत. खाली जायला जिनाच. चालता न येणाऱ्या मुलांना उचलून न्यावं लागे. चाकाच्या खुर्चीवरचं तिसरीतलं एक मूल स्वतःच्या शाळेच्या वाचनालयात कधीच गेलेलं नव्हतं. पुस्तकं होती, ती ठेवायला खोली होती. मध्ये फक्त काही पायऱ्या होत्या. हा उतारा मी कितीदा वाचला असेल, दर वेळी त्या पायऱ्यांशी अडखळते.

२००० मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये न्यायालयानं तेच सांगितलं. पद्धत मुळातून बदलली नाही. एक गोष्ट मात्र घडली. १९९७ मध्येच शाळांच्या इमारतींसाठी राज्याचा आयोग स्थापन झाला. शाळेची हद्द जितकी गरीब, तितका राज्याचा वाटा मोठा आणि नंबरही आधी. उरलेला वाटा स्थानिकांनी उचलायचा, आणि त्यासाठी पुन्हा मतदान.

त्या योजनेतली एक अट मला सगळ्यात मोलाची वाटते. नवी इमारत हवी असेल, तर तिच्या देखभालीसाठी अर्ध्या मिलची तरतूद २३ वर्षं करायची. इमारतीचं कर्ज आणि ही देखभाल बहुधा एकाच प्रश्नात मतदारांपुढे येतात. १ लाखाच्या घराला अर्धी मिल म्हणजे वर्षाला साडेसतरा डॉलर. उद्घाटनाला फीत कापायला सगळे येतात. दहाव्या वर्षी गटारीची नळी बदलताना कोणी येत नाही. त्या नळीचे पैसे इथं पाया खणण्याआधीच बाजूला काढलेले असतात.

तरीही ‘नाही’ म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाही. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या घराची किंमत कागदावर वाढली, म्हणून तिच्या हातात पैसे आले असं होत नाही. तिची मुलं केव्हाच शिकून बाहेर गेली. तिला ही साडेसतरा डॉलरची एकच लेव्ही नाही भरायची, अग्निशमन दलाची वेगळी, वाचनालयाची वेगळी. ती पेन हातात घेऊन थांबते, तेव्हा तिच्यापुढे खरोखरच अवघड प्रश्न असतो. माझी तक्रार तिच्याशी नाही. गळकं छप्पर आणि तिची पेन्शन समोरासमोर उभी करणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

(दृश्य : संध्याकाळ. व्यायामशाळेतले दिवे.)

साडेसात वाजता दारं बंद होतात. रांगेत आधीपासून असलेल्यांना मत देऊ देतात. मग कक्ष दुमडले जातात, टेबलं भिंतीला लागतात. रात्री आकडे येतील. लेव्ही नामंजूर झाली, तर हाच प्रश्न पुढच्या निवडणुकीत पुन्हा मांडता येतो, आणि बऱ्याच शाळा तो मांडतात.

एक माणूस झाडू घेऊन रेषांवरचा चिखल झाडतोय. सकाळी इथं मुलांचा तास आहे.