काझिमिएश डोल्नी: फुटक्या शिळांची भिंत

[दृश्य: भिंत. कॅमेरा हिब्रूच्या ओळीसारखा, उजवीकडून डावीकडे]

पोलंडमध्ये विस्तुला नदीकाठी काझिमिएश डोल्नी हे छोटं गाव आहे. गावाबाहेर चेर्न्याव्हीच्या उतारावर ज्यूंची 1851 सालची दफनभूमी. तिच्या पुढ्यातल्या या काँक्रीटच्या भिंतीत सुमारे 600 कबरशिळा आणि त्यांचे तुकडे बसवले आहेत. वास्तुविशारद ताडेउश आउगुस्टिनेक, वर्ष 1984.

[दृश्य: भेग]

भिंत तडकलेली नाही. ही वाकडीतिकडी भेग वरपासून खालपर्यंत मुद्दाम सोडली आहे. माणूस तिच्यातून आरपार जातो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी या शिळा ज्यू मजुरांकडूनच उपटून घेतल्या आणि गावातल्या ख्रिस्ती मठाच्या आवारात फरशीसारख्या अंथरल्या. मठात तेव्हा गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं ठाणं होतं. मार्च 1942मध्ये गावातले ज्यू ओपोले लुबेल्स्कीला हलवले गेले, तिथून मृत्युछावण्यांकडे.

[दृश्य: कोरीवकाम, जवळून]

जोडलेले दोन पंजे म्हणजे कोहेन, पुरोहितांच्या घराण्यातला माणूस. पाण्याची सुरई असेल तर लेवी, पुरोहितांच्या मदतनीसांच्या घराण्यातला. मेणबत्त्या बाईच्या शिळेवर, कारण शब्बाथची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची मेणबत्ती घरात तीच लावते. मोडलेलं झाड दिसलं की ओळखावं, अकाली मृत्यू.

साल हिब्रू अक्षरांत असतं, प्रत्येक अक्षराला आकडा. ‘ताव’ 400, ‘रेश’ 200, ‘सामेख’ 60, ‘हे’ 5, बेरीज 665. हजाराचा आकडा बहुधा लिहीतच नाहीत. यात 1240 मिळवा: 1905. मात्र ज्यू वर्ष शरदात सुरू होतं, त्यामुळे मृत्यू वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतला असेल तर 1904. इथे भलेभले चुकतात.

[दृश्य: सुटलेले पापुद्रे, शेवाळ]

वालुकाश्म पाणी पितो, सिमेंट ते सहज सोडत नाही. मग ओल शिळेतूनच बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि अक्षरांसकट पापुद्रा सुटतो. थंडीत आत गोठलेलं पाणी उरलंसुरलं काम करतं. म्हणून सांधे भरायचे ते चुन्याने, शिळेपेक्षा मऊ. सिमेंटने भरले की सांधा शाबूत आणि शिळा गेली.

शेवाळ आधी भिजवावं, लाकडी पट्टीने उचलावं, मग मऊ नायलॉनच्या ब्रशने साध्या पाण्यात धुवावं. तारेचा ब्रश नको, ॲसिड तर नकोच. शिळा भुसभुशीत लागली तर हातच लावू नये.

[दृश्य: आरशाने टाकलेला तिरपा उजेड, अक्षरं उठून दिसतात]

खडू किंवा मैदा चोळून अक्षरं वाचायची सवय वाईट. कण छिद्रांत अडकतात, मैद्यावर बुरशी धरते. बाजूने आरसा धरा, उथळ कोरीवही सावलीने उमटतं. फोटोत मोजपट्टी ठेवा, तुकड्याला क्रमांक द्या, भिंतीतली जागा लिहा, आणि फुटलेल्या कडेचा फोटो वेगळा घ्या. एकाच शिळेचे दोन तुकडे भिंतीत दूर दूर असू शकतात. ते जुळतात या कडांवरूनच.