सूर्यास्त पाहायचाय? मग वारा असतानाच निघा

नमस्कार श्रोतेहो.

किनाऱ्यावरच्या शहरात शिडाची बोट फक्त आपल्यासाठी ठरवायची, संध्याकाळी शहराच्या कडेकडेनं फिरायचं आणि समुद्रातून सूर्यास्त पाहून परतायचं, हा बेत ऐकायला अगदी सोपा आहे. यात एकच मोठी गोम आहे. सूर्य मावळायच्या सुमारास बहुतेक दिवशी वाराही पडतो. सूर्यास्ताला अर्धा तास उरलेला असताना निघालेल्या मंडळींना शीड लोंबताना दिसतं, इंजिनाची घरघर ऐकू येते आणि डिझेलचा वास मिळतो. शिडाच्या बोटीचे पैसे देऊन मोटरबोटीत बसल्यासारखंच ते.

हे का होतं, ते शाळेच्या भूगोलात आपण शिकलेलो आहोत. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून हवा येते. हे खारे वारे. दुपारी ते जोरात असतात, ऊन कलू लागलं की ढिले पडतात. रात्री जमीन निवली की उलट दिशेनं मतलई वारे सुटतात. या दोन पाळ्यांच्या मधला जो शांत काळ, नेमका त्यातच सूर्यास्त येतो. मोठ्या हवामान प्रणालीचा वारा असेल तर तो सूर्याकडे बघून थांबत नाही, रात्रभरही वाहतो. पण निरभ्र, प्रसन्न संध्याकाळी, म्हणजे आपण सहलीसाठी निवडतो तशाच दिवशी, वारा पडणार असंच धरून चालावं.

म्हणून वेळेचा हिशेब सूर्यास्तापासून मागे करायचा. समजा सूर्यास्त साडेसहाला आहे. धक्का सोडून बंदराबाहेर मोकळ्या पाण्यात यायला इंजिनावर वीस ते तीस मिनिटं जातात, कारण बंदराच्या आत शीड उभारून फिरायला जागा नसते आणि वेगावर मर्यादा असते. शीड वर चढवायला, दोऱ्या आवळून बसवायला आणखी पाच-दहा मिनिटं. त्यानंतर निदान तासभर तरी खरं शीडकाम अनुभवायचं असेल, तर पावणेपाचला धक्का सुटायला हवा. सूर्य बुडाल्यावर लगेच फिरू नये. आकाशाचे उत्तम रंग पुष्कळदा त्यानंतरच्या दहा ते वीस मिनिटांत येतात, विशेषतः वर विरळ ढग असतील तर. म्हणजे परत धक्क्याला लागायला सव्वासात होतात. एकूण अडीच तास झाले. दोन तासांची सहल घेतलीत, तर कात्री शिडाच्या तासाला लागते नाहीतर रंगांच्या वेळेला. आमचं मत विचाराल तर पैसे वाचवायचे असले तरी वेळ कापू नका, त्यापेक्षा लहान बोट घ्या.

आणखी एक. सूर्यास्ताची छापील वेळ म्हणजे सूर्याच्या बिंबाची वरची कड क्षितिजाखाली जाण्याची वेळ. विषुववृत्ताच्या आसपास बिंब क्षितिजाला टेकल्यापासून बुडेपर्यंत दोनेक मिनिटं लागतात. ध्रुवाकडे सरकावं तसा सूर्य तिरपा उतरतो आणि हा वेळ वाढत जातो. बोटीवर घड्याळ पाहायचं नसेल तर हात पुढे ताठ करून बोटं आडवी धरा. क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बसणारं प्रत्येक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं. हा अंदाज उष्ण प्रदेशात चांगला जमतो, थंड प्रदेशात वेळ थोडा जास्त धरावा. सूर्य डोळ्यांना सोसत नसेल तेव्हा मात्र हा खेळ करू नका.

आता शहराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, ते नकाशात पाहून ठेवा. किनारा पश्चिमेकडे असेल तर सूर्य समुद्रात बुडतो आणि शहराच्या इमारतींवर शेवटचं तांबूस ऊन पडतं. दोन्ही बाजूंना पाहण्यासारखं असतं. किनारा पूर्वेकडे असेल तर सूर्य इमारतींच्या मागे जातो. पंचांगातल्या वेळेच्या बरंच आधी तो दिसेनासा होतो, आणि बघण्यासारखी असते ती शहराची काळी आकृती. तिथे किनाऱ्यापासून लांब जावं. समुद्रात एक-दोन सागरी मैल गेलं की शहराची अखंड कड नजरेत मावते. एक सागरी मैल म्हणजे 1852 मीटर.

पश्चिम किनाऱ्यावर खारा वारा समुद्राकडून येतो, म्हणजे जाताना तो समोरून असतो. शिडाची बोट थेट वाऱ्यात जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस अंशांचा पट्टा तिला बंद असतो, म्हणून ती नागमोडी जाते. प्रत्येक वळणाला शीड या बाजूचं त्या बाजूला येतं आणि बसलेल्यांनाही जागा बदलावी लागते. अशा जाण्यात वारा आहे त्याहून जोराचा आणि गार भासतो, कारण बोटीचा स्वतःचा वेग त्यात मिळतो. परतताना वारा पाठीमागून असतो आणि तोच वारा गायब झाल्यासारखा वाटतो. सगळ्यात सुखाची चाल म्हणजे वारा आडवा घेऊन किनाऱ्याला समांतर जाणं. बोट वेगानं जाते, कलते कमी आणि शहर सतत बाजूला राहतं. चालकाला सांगायचंच असेल तर हेच सांगा, की दूर नाही गेलो तरी चालेल, आडव्या वाऱ्यावर ठेवा.

वाऱ्याचा अंदाज नॉटमध्ये देतात. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. पाच नॉटच्या खाली जड बोट जवळजवळ हलतच नाही. आठ ते चौदा नॉट म्हणजे मजा. पंधराच्या पुढे नवख्यांना बोटीचं कलणं जाणवू लागतं आणि वीसच्या आसपास चांगला चालक शीड आखडतं घेतो, म्हणजे त्याचा खालचा भाग गुंडाळून बांधतो. त्यानं तसं केलं तर तो घाबरला असं समजू नका. आखडत्या शिडावर बोट सरळ राहते आणि वेगातही फारसा फरक पडत नाही. धक्क्यावरून पाहताना लाटांचे माथे इथे-तिथे पांढरे फुटत असतील तर वारा दहाच्या आसपास आहे, सगळीकडे फुटत असतील तर पंधराच्या. उंच इमारतींच्या आडोशाला मात्र ही खूण फसवते. इमारतींच्या आड पाणी शांत असतं आणि दोन इमारतींच्या फटीतून अचानक जोराचा झोत येतो. किनाऱ्यालगत जाताना बोट एकाएकी कलते, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

भरती-ओहोटीकडेही बघायला हवं. दहा-बारा मीटरच्या शिडाच्या बोटीचा तळ पाण्याखाली दीड ते दोन मीटर गेलेला असतो. उथळ तोंडाच्या खाडीत ओहोटीच्या तळाला ती आत-बाहेर करू शकत नाही, मग सूर्यास्त कितीही वाजता असो. पाणी सहा तासांत सारख्या गतीनं चढत-उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक, असं ढोबळ गणित चालक वापरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा फरक मोठा आणि प्रवाह जोराचा, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असते तेव्हा कमी. प्रवाह एकीकडे आणि वारा त्याच्या उलट, अशी गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. पोट ढवळायला तेवढं पुरतं.

पोटाचा विषय निघालाच आहे. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या साध्या गोळ्या निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. मळमळ सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यांनी झोप येते, आणि इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. रिकाम्या पोटी येऊ नये, तुडुंब जेवूनही नाही. बोटीच्या मधोमध किंवा मागे बसा, तिथे हेलकावे कमी असतात. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाईलमध्ये नाही. खाली केबिनमध्ये जाऊ नका. उलटी येतच असेल तर वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला, आणि चालकाला सांगून, कुणीतरी धरलेलं असताना. कठड्यावर एकट्यानं वाकणं हे पाण्यात पडण्याचं नेहमीचं कारण आहे.

पडलंच कुणी, तर काय होतं? पाच नॉटनं जाणारी बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते. संधिप्रकाशात एवढ्या अंतरावरून लाटांमधलं डोकं दिसत नाही. म्हणून जो पाहील त्यानं मोठ्यानं ओरडायचं, तरंगतं रिंगण फेकायचं आणि एकानं पडलेल्या माणसाकडे हात करून उभं राहायचं, नजर क्षणभरही न हलवता. बाकी काम चालकाचं. लाईफ जॅकेट अंगावर असेल तरच या सगळ्याला अर्थ. जॅकेट किती जोरानं तरंगवतं, ते न्यूटनमध्ये मोजतात. पन्नास न्यूटनचं जॅकेट फक्त पोहता येणाऱ्यांसाठी मदत म्हणून असतं. इतरांना किनाऱ्याजवळ शंभर, उघड्या समुद्रात दीडशे न्यूटनचं हवं. मुलांचं जॅकेट वजनाप्रमाणे निवडतात आणि मांड्यांमधला पट्टा लावतात, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली राहतं. जॅकेटला शिट्टी आहे का आणि दिवा लागतो का, ते धक्क्यावरच बघा.

बोटीवर इजा होते ती बहुधा दोन ठिकाणी. एक म्हणजे बूम, शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा. वारा मागून असताना बोट थोडी जास्त वळली की तो डोक्याच्या उंचीवरून झपाट्यानं दुसऱ्या बाजूला येतो. वारा पाठीमागे असेल तेव्हा फोटोसाठी उभं राहू नका. दुसरं ठिकाण म्हणजे दोरी आवळायचा विंच. त्यात बोटं, ओढणी, मोकळे केस सापडतात. पायात रबरी तळव्याचे बूट असावेत. गळ्यात लोंबणारं काही नको. आणि ऊन असलं तरी जाकीट घ्या, सूर्य गेल्यावर ओल्या वाऱ्यात हुडहुडी भरते.

अंधाराचे नियम वेगळे. सूर्यास्तापासून दिवे लावणं आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक आहे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. इंजिन चालू झालं की शिडाची बोट नियमांच्या लेखी यांत्रिक बोट होते, मग डोलकाठीवर पुढच्या दिशेचा पांढरा दिवाही लागतो. तुमची बोट परतताना इंजिनावर असेल तर हा दिवा लागलाय का ते वर बघून घ्यायला हरकत नाही. चालकाची खरी डोकेदुखी असते शहराच्या उजेडाची. हजारो दिव्यांच्या पार्श्वभूमीवर समोरून येणाऱ्या बोटीचा लाल-हिरवा ठिपका हरवतो. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि शेजाऱ्यानं मोबाईलचा टॉर्च लावला की ते सगळं क्षणात जातं. परतीच्या वाटेवर सुकाणूपाशी फोनचा उजेड करू नका, फ्लॅश तर नकोच. मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते गोळेही याच वेळी दिसेनासे होतात, इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकला की बोट जागीच थांबते. एखाद्यानं पुढे बसून पाण्याकडे लक्ष ठेवलं तर चालकाला ते हवंच असतं.

ठरवताना विचारायच्या गोष्टी थोड्याच. वेळ धक्का ते धक्का मोजणार की शीड उभारल्यापासून? परवान्यात माणसं किती, आणि त्यात चालक धरलाय का? विमा प्रवाशांचा आहे का? वाऱ्यामुळे सहल रद्द करायचा निर्णय कुणाचा आणि पैसे परत कधी? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. वारा फार असेल तर रद्द करतात, पण वारा अजिबात नसेल तर इंजिनावर फिरवून आणतात आणि सहल झाली म्हणतात. त्याबद्दल आधी बोललेलं बरं.

आणि धक्क्याला लागताना बोट हातापायांनी थोपवायला जाऊ नका. ती काही टनांची असते, पाऊल मध्ये सापडलं तर हाड मोडतं. त्यासाठी रबरी फेंडर लटकवलेले असतात. दोर दोन्ही टोकांना बांधून होईपर्यंत बसून राहा, इंजिन बंद झालं की उतरा, सामान आधी देऊन, दोन्ही हात मोकळे ठेवून.