पंख जोडताना

[दृश्य: हँगरचं दार सरकतं. आत पंखांविना विमानाचं धड.]

हे आरव्ही-7. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं विमान. धड चाकांवर उभं आहे, शेपूट लागली आहे, इंजिन लागलं आहे, वरची काच बसली आहे. पंख तेवढे भिंतीशी लाकडी घोडीवर उभे आहेत. आज ते लागायचे आहेत.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली ही छोटी धावपट्टी. दोन्ही अंगांना मक्याची शेतं. विमान बांधणारे काका मूळचे सांगलीचे, पण आयुष्याचा मोठा भाग इथेच गेला. नोकरीत यंत्रांचे आराखडे तपासायचं काम होतं. काकू शाळेत गणित शिकवायच्या. आमची नावं नकोत, विमान दाखवा, असं दोघांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यामुळे या फिल्ममध्ये ते काका आणि काकू.

सगळे भाग ऑरिगन राज्यातल्या ऑरोरा गावाहून आले. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन या अभियंत्याने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला उभी केलेली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी तिथे आहे. तिच्या आराखड्यांवरून लोकांनी आपापल्या घरी बांधलेली 11,000 हून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. खोक्यातून येतो तो कापलेला, भोकं पाडलेला पत्रा, घडवलेल्या पट्ट्या, बोल्टांच्या पिशव्या आणि आराखड्यांची जाडजूड चळत. विमान येत नाही. ते आपल्याला करावं लागतं.

[दृश्य: फोनवर घेतलेली जुनी चित्रं. गॅरेज.]

ही चित्रं घरच्या गॅरेजमधली, काही वर्षांपूर्वीची. गाडी बाहेर बर्फात उभी आणि आत विमान, हे इथलं बरीच वर्षं चाललेलं दृश्य.

पत्र्याला पत्रा जोडायचा तो रिव्हेटने, म्हणजे टोक चेपून बसवायच्या धातूच्या खिळ्याने, आणि पुष्कळदा ते एकट्याचं काम नसतं. बाहेरून काका रिव्हेट गन धरतात. आतून काकू बकिंग बार, म्हणजे पोलादाचा गुळगुळीत ठोकळा, रिव्हेटच्या शेपटीला टेकवून दाबून धरतात. गन धडधडली की शेपटी त्या ठोकळ्यावर चेपली जाते. ती रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि व्यासाच्या निम्मी उंच झाली पाहिजे. कमी चेपली तर पकड नाही, जास्त चेपली तर पत्रा ताणला जातो. मग ते रिव्हेट ड्रिलने काढायचं आणि नवं घालायचं.

"धरलंस?"

"धरलंय. मारा."

हे दोन शब्द या गॅरेजमध्ये हजारो वेळा बोलले गेले आहेत. विमानाचं बरंचसं पोट काकूंनी आत वाकून, एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात ठोकळा धरून बंद केलेलं आहे. फिल्म पाहताना ते विसरू नका, कारण पुढे कॅमेऱ्यात काका जास्त दिसतील.

[दृश्य: हँगर. चौघे मिळून डावा पंख उचलतात.]

आता पंख.

पंखाच्या आत आडवी जाते ती मुख्य तुळई, तिला स्पार म्हणतात. विमान हवेत असताना त्याचा जवळजवळ सगळा भार ती पेलते. पंखाच्या मुळाशी तिचं टोक बाहेर आलेलं दिसतं. ते टोक धडाच्या कुशीतल्या एका अरुंद फटीत सरकवायचं. फट दोन जाड पट्ट्यांच्या मधली, बरोबर सीटच्या खाली. दोघं मुळाशी, एक मध्ये आणि एक पंखाच्या टोकाशी. टोकावरच्या माणसाने बोटभर वर केलं तर मुळाशी फरक पडतो तो केसाएवढा, म्हणून हुकूम सगळे त्याला. "वर... थोडं खाली... आता ढकला."

मदतीला आलेले तिघंही याच धावपट्टीवरचे. दोघांनी स्वतःची विमानं बांधलेली आहेत. इथे एकाचे पंख लागणार म्हटलं की बाकीचे येतात. कुणाला आमंत्रण द्यावं लागत नाही.

आधी लावतात ते साधे, थोडे बारीक बोल्ट. ते फक्त पंख जागेवर धरून ठेवण्यापुरते. खरे बोल्ट इतक्या घट्ट मापाचे असतात की पुन्हा पुन्हा काढघाल करून भोक खराब करायचं नसतं. ते खरे बोल्ट या क्षणी काकूंच्या फ्रीझरमध्ये आहेत, मटारच्या पिशव्यांशेजारी. थंडीने पोलाद किंचित आकसतं, आणि त्या किंचितचा इथे उपयोग होतो.

[दृश्य: पंखाच्या पुढच्या कडेवरून चार ओळंबे लोंबत आहेत. जवळून.]

हे दृश्य आम्हाला सगळ्यात आवडलं. काचेच्या डायलवर जगभरची माहिती दाखवणाऱ्या या विमानाचे पंख सरळ लागलेत का, हे ठरवायला काका गवंड्याचे ओळंबे वापरतात. दोन्ही पंखांच्या पुढच्या कडेवरून दोन दोन ओळंबे सोडले. चारही स्थिर होऊ दिले. हँगरचं दार बंद, पंखा बंद, कुणी बोलायचंसुद्धा नाही. मग जमिनीलगत एक दोरी ताणली. चारही ओळंब्यांच्या दोऱ्या त्या एका रेषेला जेमतेम टेकल्या, तर पंख एकमेकांच्या रेषेत आहेत. एक पुढे, एक मागे असं नाही.

त्यानंतर मापं पंखाच्या टोकापासून शेपटीपर्यंतची. उजवीकडचं आणि डावीकडचं माप जुळलं पाहिजे.

आणि मग कोन. पंखाचा धडाशी असलेला कोन दोन्ही बाजूंना सारखा हवा. नाहीतर एक पंख जास्त उचलतो, विमान सारखं एका अंगाला कलंडायला बघतं आणि पायलट जन्मभर स्टिक, म्हणजे विमान कलवायचा दांडा, धरून ते सावरत बसतो. धड लेव्हलमध्ये आणलेलं आहे. पंखावर पट्टी, पट्टीच्या मागच्या टोकाखाली आराखड्यात दिलेल्या उंचीचा ठोकळा, वर लेव्हल. बुडबुडा मधोमध आला की मागची बाजू शिकंज्याने पक्की आवळायची.

[दृश्य: मागचा स्पार. मार्करच्या काळ्या रेषा. ड्रिल.]

आता येतं ते भोक.

कारखान्यातून विमानाची बहुतेक भोकं पाडून येतात, हे मात्र येत नाही. मागच्या स्पारचं टोक धडावरच्या पट्टीला जिथे मिळतं तिथे एकच बोल्ट जातो, आणि पंखाचा कोन कायमचा तोच धरून ठेवतो. भोक बांधणाऱ्यानेच पाडायचं, पंख लावून, मापं जुळवून झाल्यावर. बोल्ट साधारण 8 मिलिमीटर जाडीचा. भोकाचं केंद्र दोन्ही पत्र्यांच्या प्रत्येक कडेपासून किमान 16 मिलिमीटर आत हवं, म्हणजे बोल्टाच्या दुप्पट. कडेला जास्त गेलं तर पत्रा तिथून फाटू शकतो. काकांनी दोन्ही भागांवर आधीच काळ्या मार्करने त्या हद्दी आखून ठेवल्या आहेत. दोन्ही हद्दींच्या आत येणारी जागा नखाएवढीच उरते.

आधी बारीक ड्रिल, मग त्याहून मोठं, शेवटी भोक नेमक्या मापाचं, गुळगुळीत करणारा रीमर. ड्रिल तिरपं जाऊ नये म्हणून पोलादाचा मार्गदर्शक ठोकळा. प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा लेव्हल, पुन्हा ओळंबे. दुपारभर हेच चाललं. डाव्या बाजूचं भोक झालं तेव्हा काकूंनी आत टॉर्च मारला, पट्टी लावली आणि आकडा वाचून दाखवला. चारही बाजूंना माप बसलं होतं. काका खाली बसले आणि पाणी प्यायले. उजवी बाजू दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर फ्रीझरमधले बोल्ट. ग्रीस लावून, प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच ठोकत. नट लावायच्या जागा इतक्या अडचणीच्या की मदतीला आलेल्यांपैकी ज्याचे हात सगळ्यात सडपातळ, त्याच्याकडे ते काम गेलं. नट किती आवळायचा त्याचाही आकडा ठरलेला, टॉर्क रेंचवर वाचायचा. आवळून झाल्यावर नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली तर नट हललाय हे कळतं.

[दृश्य: कॉकपिट. वायरी, नळ्या, स्टिक.]

पंख लागले म्हणजे विमान झालं, असं बघणाऱ्याला वाटतं. बांधणाऱ्यांमध्ये जुनं बोलणं आहे: नव्वद टक्के झालंय, आता नव्वद टक्के राहिलंय. पेट्रोलच्या नळ्या, दिव्यांच्या वायरी, वेग मोजणारी पिटो नळी, फ्लॅप. जे जे हलतं त्या सांध्याच्या नटात कॉटर पिन, नट सुटू नये म्हणून. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग, वर गेलं पाहिजे. हे काका स्वतः तपासत नाहीत, दुसऱ्याला तपासायला लावतात. आपल्या हाताने जोडलेली चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही. एलेरॉन उलटी जोडली गेल्याने विमानं पडलेली आहेत.

पेट्रोलची चाचणी वेगळी. टाकीत अगदी थोडं इंधन ठेवायचं, नळी इंजिनापाशी सोडवून बादलीत धरायची, पंप चालू करायचा आणि घड्याळ लावायचं. टेकऑफला इंजिन जितकं मागतं त्याच्या सव्वापट इंधन बादलीत पडलं पाहिजे.

[दृश्य: पेपरांची फाइल. बांधणीची नोंदवही उघडी.]

हे सगळं एका घरच्या माणसाला करू देणारा कायदा अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. 1953 मध्ये मिलवॉकीत पॉल पोबेरेझ्नी आणि मित्रांनी अशा बांधणाऱ्यांची संघटना काढली, ती ईएए. अट मुख्यतः एक: विमानाचं निम्म्याहून जास्त काम शिकण्यासाठी किंवा छंदासाठी स्वतः केलेलं असावं, आणि ते दाखवता यावं. म्हणून ही नोंदवही. तारीख, तास, फोटो. फोटोत बकिंग बारवाला हात ज्याचा, त्याच्या बांगड्या ओळखू येतात. संघटनेचे अनुभवी सल्लागार घरी येऊन काम बघतात, चुकलं तर सांगतात. त्याचे पैसे घेत नाहीत.

काकांच्या फाइलमध्ये एक मराठी कात्रण आहे. कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या फेब्रुवारीत त्याचे भाग क्रेनने खाली उतरवले गेले, ट्रकवर चढवून वांद्रे-कुर्ला संकुलात नेऊन पुन्हा जोडले, आणि मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. विमानाची नोंदणी झाली 2017 मध्ये, व्हीटी-एनएमडी या नावाने. उडायची परवानगी त्याच्याही नंतर. गच्चीवरचं काम त्यांनी स्वतःच्या हिमतीवर तडीला नेलं, पण कागद मिळायला वरिष्ठांपर्यंत आवाज पोचावा लागला. आमचं म्हणणं एवढंच आहे की आवाज पोचण्याची गरज पडू नये. सांगली, नाशिक, कोल्हापूर या गावांत लेथवर हात बसलेली, वेल्डिंग जाणणारी, आराखडा वाचणारी माणसं कमी नाहीत. त्यांना तपासायला येणारा जाणकार हवा, मोजके स्पष्ट नियम हवेत, आणि नियम पाळले की कागद मिळतो याची खात्री हवी. ओहायोत काकांकडे हे तीनही होतं. कौशल्य त्यांनी सांगलीहूनच आणलं होतं.

[दृश्य: तीन वजनकाटे. शेपूट वर उचललेली.]

वजन. दोन चाकांखाली दोन काटे, शेपटीखाली तिसरा, विमान उड्डाणाच्या पातळीत. रिकामं विमान सुमारे 500 किलो, भरून जास्तीत जास्त 816. पण खरा प्रश्न असतो तोल कुठे येतो हा. आरव्हीत पेट्रोल पंखांच्या पुढच्या कडेत आणि सामानाची जागा सीटच्या मागे. म्हणजे उडता उडता पेट्रोल संपतं तसा तोल मागे सरकतो. टेकऑफचा हिशेब बरोबर आला म्हणून उतरतानाचाही बरोबर असेल असं नाही. गणित काकूंनी केलं, दोन्ही वेळचं.

[दृश्य: इंजिनाचा पहिला आवाज. काकू अग्निशामक घेऊन उभ्या.]

या दृश्यावर आम्ही बोलणार नाही.

[दृश्य संपल्यावर.]

ओव्हरहॉल केलेल्या इंजिनाला जमिनीवर फार वेळ चालवू नये, पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत. म्हणून धावपट्टीवरच्या फेऱ्या मोजक्याच. तपासनीस आले, सकाळभर झाकणं उघडून बघितली, एका जागी घासणारी वायर दाखवली. ती दुरुस्त झाली. मग गुलाबी कागदावरचं प्रमाणपत्र. कॉकपिटजवळ ठळक अक्षरांत "एक्सपेरिमेंटल", आणि आत प्रवाशासाठी सूचना: हे विमान हौशी बांधणीचं आहे.

पहिलं उड्डाण एका वारा नसलेल्या सकाळी झालं. विमान सरळ उडालं, कुठल्याच अंगाला कलंडलं नाही. घरबांधणीच्या विमानांचे बरेच अपघात पहिल्या काही उड्डाणांत होतात, हे अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने 2012 मध्ये अहवालात मांडलेलं आहे. म्हणून पहिले 40 तास ठरवून दिलेल्या भागातच उडायचं, आणि काकू खाली. प्रमाणित इंजिनाला त्याच्यासाठीच प्रमाणित केलेला प्रोपेलर असता तर 25 तासांत भागलं असतं.

[दृश्य: काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडं. काका तेल तपासतात.]

रिपेअरमन सर्टिफिकेटचा अर्ज गेला आहे. एका विमानामागे ते एकाच बांधणाऱ्याला मिळतं. ते हातात आलं की या विमानाची वार्षिक तपासणी काका कायद्याने स्वतः करू शकतील. शेजारच्या हँगरमध्ये दुसऱ्या कुणी बांधलेलं हुबेहूब असंच आरव्ही-7 उभं आहे. त्याची नाही.