लाँग रन कोणाच्या वेळातला?

(पुण्यातल्या हौशी धावपटूंच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

'लहान मुलं सांभाळून मॅरेथॉन' हा विषय निघाला की बोलणं लगेच वेळ कसा काढायचा यावर येतं. पहाटे चारला उठा, रात्रीच कपडे काढून ठेवा, वगैरे. मनात आणलं तर वेळ निघतो. पण तो कोणाच्या वेळातून निघतो, हे कोणी विचारत नाही. रविवारी लाँग रनला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सलग धावण्याला, आपण तीन तास वेताळ टेकडीवर असतो तेव्हा घरी कोणीतरी दूध गरम करत असतं, लंगोट बदलत असतं, दोन भावंडांची भांडणं सोडवत असतं. फुल मॅरेथॉनची, म्हणजे ४२ किलोमीटरची, तयारी चार महिन्यांची असते. म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाचे चार महिन्यांतले रविवार त्यात जातात. त्याला ना छातीवर लावायचं नंबराचं बिब मिळतं, ना मेडल. म्हणून माझं म्हणणं आहे की मूल लहान असताना तयारीचं वेळापत्रक धावणाऱ्याने एकट्याने आखू नये, दोघांनी बसून आखावं. आणि तसं केल्याने धावणं खालावत नाही, हे मला आज सांगायचं आहे.

नॉर्वेच्या इन्ग्रिड क्रिस्टियानसेनचं उदाहरण मला फार जवळचं आहे. ऑगस्ट १९८३ मध्ये तिला मुलगा झाला. पुढच्या जानेवारीत तिने ह्यूस्टनची मॅरेथॉन जिंकली. त्याच वर्षी लॉस एंजलिसला ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदाच झाली, त्यात ती चौथी आली. एप्रिल १९८५ ला लंडनमध्ये तिने २ तास २१ मिनिटं ६ सेकंदांचा बायकांच्या मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला आणि तो १९९८ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. नॉर्वेच्या बर्फाळ हिवाळ्यात ती बराचसा सराव घरातल्या ट्रेडमिलवर करायची. आज सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिलवर धावणाऱ्या आईला 'हे काय खरं धावणं नव्हे' असं ऐकवणारे भेटतात. त्यांना हे आवर्जून सांगा.

केनियाच्या पेरेस जेपचिरचिरला २०१७ मध्ये मुलगी झाली. त्यानंतर तिने २०२१ मध्ये साप्पोरोला ऑलिम्पिक मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं, त्याच वर्षी न्यूयॉर्कची मॅरेथॉन आणि पुढच्या वर्षी बोस्टनची. या व्यावसायिक खेळाडू आहेत, धावणं हेच त्यांचं काम, त्यामुळे त्यांच्या वेळा आपल्याला लागू नाहीत. पण बाळंतपणानंतर धावपटू संपतो हा समज त्यांनी पुरता खोटा ठरवला आहे.

आता आपल्याकडे या. कोणताही ग्रुप बघा. दोन वर्षांच्या मुलाचे बाबा रविवारी सहाला हजर असतात. त्याच वयाच्या मुलांच्या आया चार-चार वर्षं दिसेनाशा होतात. बाप धावला की शेजारीपाजारी कौतुक करतात. आई धावली की पहिला प्रश्न येतो, 'मग मुलांकडे कोण बघतं?' हा प्रश्न बाबांनाही विचारला गेला पाहिजे, आणि ग्रुपमध्येच विचारला गेला पाहिजे. मला याचा मनापासून राग येतो आणि तो मी लपवत नाही.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर सहनशक्ती वाढते ती बरेच दिवस सलग, सोप्या गतीने धावल्याने. शेजारच्याशी सहज बोलता येईल अशी गती. त्या धावण्याने स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींची ऑक्सिजन वापरायची ताकद वाढते. हे काम आठवड्यातून चार वेळा पाऊण तास धावूनही होतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडं आणि स्नायुबंध त्यांच्या मागून, फार सावकाश येतात. म्हणून घाईने किलोमीटर वाढवणारा माणूस जायबंदी होतो. मुलांमुळे तुमची गाडी हळू चालली असेल तर त्या हाडांना हवा तो अवकाश आपोआप मिळतो आहे. लाँग रन लागतोच, कारण शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचं इंधन, तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतं आणि त्या अवस्थेची ओळख व्हावी लागते. पण तो दर रविवारी लागत नाही. एक रविवार आड पुरतो. मधला रविवार दुसऱ्याचा.

नव्याने आई झालेल्यांसाठी थोडं वेगळं. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात बाळंतपणानंतर तीन महिन्यांच्या आत धावू नये असं आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सावरायला वेळ लागतो. धावताना लघवी गळत असेल तर 'बायकांचं असंच असतं' म्हणून सोडून देऊ नका. त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत. आणि रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दम लागतो, पाय ओढत नाहीत, आणि आपण म्हणतो सराव कमी पडला. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. व्यायामाने अंगावरचं दूध खराब होतं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही, बाळाची वाढही अडत नाही. फक्त निघण्याआधी पाजून घ्या, छाती हलकी असली की धावायला सोपं जातं.

आमच्या घरी फ्रिजवर एक कागद असतो. शनिवारी रात्री मुलं झोपली की मी आणि माझा नवरा तो भरतो. त्याचं धावणं निळ्या पेनाने, माझं लाल पेनाने. कोणत्या दिवशी डबा कोण करणार, शाळेच्या व्हॅनपर्यंत कोण सोडणार, हेही त्याच कागदावर. कोणाला ताप आला तर त्या आठवड्याचा लाँग रन खोडायचा, त्यावर चर्चा नाही. धाकटीचा ताप उतरत असताना मी सोसायटीच्या कुंपणाच्या आतच गोल गोल धावायचे. प्रत्येक फेरीला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सासूबाई दिसायच्या. हात वर म्हणजे सगळं ठीक. टॉवेल हलवला की वर यायचं. तोही सरावच होता, आणि पायांना तो टेकडीवरच्या धावण्याइतकाच लागला.

झोपेवर मात्र कात्री चालवू नका. रात्री बाळ तीनदा उठलं असेल तर सकाळचं धावणं सोडा आणि झोपा. शरीर घडतं ते विश्रांतीत. थकलेल्या शरीराला टेम्पो रन, म्हणजे जोरात सलग धावणं, दिलं तर दुखापतच हाती लागते, आणि चिडचिडा आईबाप घराला मिळतो तो वेगळाच.

शर्यत कोणती धरायची हेही दोघांनी ठरवायचं. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते, म्हणजे तयारीचे कळीचे महिने ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यात दिवाळी, पाहुणे, शाळेचं स्नेहसंमेलन, मुलांचे सर्दी-खोकले. हे माहीत असूनही दोघांनी एकाच वर्षी फुलला नाव घातलं तर शेवटच्या टप्प्यातला पेडर रोडचा चढ दोघांनाही अर्धवट तयारीवर चढावा लागतो. आम्ही पाळी लावली आहे. एक वर्ष एकाची फुल, दुसऱ्याची हाफ किंवा दहा किलोमीटर, आणि पुढच्या वर्षी उलट. ज्याची पाळी नाही तो त्या महिन्यांत फक्त सोपं धावतो, आणि त्याचाही पाया त्यात बांधला जातो. ज्यांच्या घरी धावणारा एकच आहे, त्यांनी दुसऱ्याच्या गाण्याच्या क्लासला, ट्रेकला, नुसत्या झोपेलाही कागदावर तेवढीच जागा द्यावी. या वर्षी लाल पेनाची पाळी आहे.

आता प्रश्न विचारा.