जूनच्या उकाड्यातला बर्फ

(दृश्य: नवी मुंबईतल्या सीवूड्समधली गॅलरी. दोरीवर ओले कपडे.)

जून महिना. पंखा फुल्ल फिरतोय, तरी दोरीवरचे कपडे दोन दिवस ओलेच. अंगाला चिकटणारी ही खाडीची हवा छोट्या विमानाच्या इंजिनात बर्फ करू शकते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पटलं नव्हतं.

पटवून दिलं काकांनी. आमच्याच मजल्यावर राहतात. एका फ्लाइंग क्लबात 30 वर्षं विमानांची देखभाल केली. माठावर तळहात ठेवून म्हणाले, "हा गार का असतो? पाणी झिरपतं, उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. कार्बुरेटरमध्ये, म्हणजे इंजिनात जाण्याआधी हवा आणि पेट्रोल मिसळतात तिथे, पेट्रोल तेच करतं."

शिवाय कार्बुरेटरचा गळा मध्ये अरुंद असतो. तिथून हवा जोरात जाते, तिचा दाब उतरतो आणि ती आणखी गारठते. आतलं तापमान 20 ते 30 अंशांनी खाली येऊ शकतं. म्हणजे बाहेर 28 अंश असले, तरी आत शून्याच्या आसपास. हवेतली वाफ गोठते, थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर साचते, वाट बुजत जाते. वैमानिकाला आधी दिसतो तो फक्त हळूच खाली सरकणारा आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा. सगळ्यात जास्त धोका उतरताना. तेव्हा झडप जवळजवळ मिटलेली असते.

(दृश्य: खाडीवरून उलव्याकडे उतरणारं जेट.)

उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून ये-जा करणाऱ्या या विमानांना हा त्रास नाही. जेट इंजिनाला कार्बुरेटरच नसतो. प्रश्न आहे तो शिकाऊ मुलं चालवतात त्या सेस्ना 152 सारख्या छोट्या, कार्बुरेटरवाल्या विमानांचा.

अपघातानंतर तपासणारे इंजिन उघडतात. पिस्टन शाबूत, ठिणगी देणारा मॅग्नेटो ठीक, टाकीत पेट्रोल. बर्फ केव्हाच वितळून गेलेला. तुटका भाग सापडला, तर निदान बाकीच्या विमानांत तो बदलता येतो. इथे हाती काहीच लागत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

उपाय विमानातच असतो: कार्बुरेटर हीटची दांडी. ती ओढली की एग्झॉस्टच्या (धूर बाहेर टाकणाऱ्या) नळीलगत तापलेली हवा आत येते. पण वितळलेल्या बर्फाचं पाणी इंजिनात जातं आणि थोडा वेळ इंजिन आधीपेक्षाही वाईट खोकतं. नवखा घाबरतो, दांडी परत आत ढकलतो.

काका खुर्चीत बसल्या बसल्या दाखवतात. मूठ छातीकडे ओढलेली, तोंडाने फडफड, फडफड... बराच वेळ. मग आवाज हळूहळू एकसारखा होतो. मूठ अजून तिथेच असते.